होकार मिळाला की तपास संपतो

एखाद्या नव्या कीटकनाशकाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवताना भूजलाचा प्रश्न येतो, तेव्हा कोणी विहिरीत पोहरा सोडत नाही. सोडून उपयोगही नसतो. त्या रसायनाची अजून रानात फवारणीच झालेली नसते, आणि झाली असती तरी मातीतून मुरत मुरत पाणीपातळीपर्यंत पोचायला त्याला कधी वर्षं लागतात, कधी दशकं. तेवढं थांबायचं तर उत्तर नातवंडांच्या हाती पडेल. म्हणून उत्तर गणिताला विचारायचं असं ठरलं. मातीचे थर, पाऊस, तापमान, रसायनाचा चिवटपणा आणि मातीला चिकटण्याची त्याची ओढ हे सगळं आकड्यांत मांडायचं, संगणकावर वीस वर्षं घडवून पाहायची, आणि एक मीटर खोलीवरून खाली निसटणाऱ्या पाण्यात त्या रसायनाचा किती अंश उतरला ते वाचायचं. आकडा मर्यादेच्या आत असला की पुढचं दार उघडतं.

या पद्धतीवर माझा राग नाही. आधी वापरून पाहू आणि मग विहिरी तपासू, हा मार्ग एकदा चालून झाला आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या रानांत १९७५ पासून अल्डिकार्ब हे कीटकनाशक वापरलं जाऊ लागलं. १९७९ मध्ये ते तिथल्या सफोक काउंटीतल्या पिण्याच्या विहिरींत सापडलं. मग तपासलेल्या आठ हजारांहून अधिक विहिरींपैकी सुमारे १३ टक्के विहिरींत त्याचं प्रमाण तेव्हा आखलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ७ मायक्रोग्रॅमपेक्षा, जास्त निघालं. १९८० मध्ये तिथली विक्री थांबली, पण पाणी काही त्या दिवसापासून शुद्ध झालं नाही. जमीन वाळूसर, पाणीपातळी उथळ, रसायन पाण्यात चटकन विरघळणारं आणि मातीला न धरणारं. आजचा विद्यार्थी अगदी साधं मॉडेल चालवून हा धोका दहा मिनिटांत दाखवील. तेव्हा मॉडेल नसतं तर बरं, असं म्हणायची सोय नाही.

माझी तक्रार मॉडेलच्या उत्तराशी आपण कसे वागतो याबद्दल आहे. मॉडेलने 'नाही' म्हटलं की तपास सुरू होतो. 'हो' म्हटलं की तो संपतो. आणि नेमकं 'हो' म्हणतानाच मॉडेल जास्त कच्चं असतं, हे ते बनवणाऱ्यांइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल.

हे कच्चेपण कुठून येतं ते समजायला थोडं अंकगणित करावं लागेल. युरोपने १९८० च्या पेयजल निर्देशात कोणत्याही एका कीटकनाशकासाठी लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली, आणि तीच पुढे भूजलाचीही कसोटी झाली. एक ग्रॅम रसायन एक कोटी लिटर पाण्यात ढवळलं की ही मर्यादा गाठली जाते. ऑलिंपिकचे चार तलाव आणि चिमूटभर पावडर. आता एक हेक्टर रान घ्या. वर्षभरात तिथे २०० मिलिमीटर पाणी मुळांच्या खाली झिरपतं असं धरलं, तर ते झालं २० लाख लिटर. एवढ्या पाण्याला मर्यादेपर्यंत न्यायला ०.२ ग्रॅम पुरे. हेक्टरी एक किलो रसायन फवारलं असेल, तर पाच हजार भागांतला एक भाग.

म्हणजे मॉडेलला विचारलेला प्रश्न 'बहुतेक रसायनाचं काय होतं' असा नाहीच. बहुतेक रसायन जीवाणू खातात, उन्हात जळतं, मातीला चिकटतं, पीक शोषून घेतं. ४,९९९ भागांचा हिशेब बरोबर आला तरी मॉडेल नापास होऊ शकतं, कारण प्रश्न उरलेल्या एका भागाचा आहे. हिशेबनिसाला वर्षाची उलाढाल अचूक सांगता यावी आणि गल्ल्यातली शेवटची नोट मात्र सापडू नये, तसा हा प्रकार. फरक इतकाच की इथे सगळी पंचाईत त्या नोटेचीच आहे.

या एका भागाची मोजणी किती नाजूक असते ते पाहा. समजा रसायनाला एक मीटर खाली उतरायला ६०० दिवस लागतात आणि प्रयोगशाळेने त्याचं अर्धायुष्य ४८ दिवस काढलं आहे. ६०० दिवसांत ते साडेबारा वेळा अर्धं होईल, आणि एक किलोतून जेमतेम ०.१७ ग्रॅम उरेल. पाण्यात लिटरला ०.०९ मायक्रोग्रॅम, म्हणजे पास. आता अर्धायुष्य ४८ ऐवजी ६० दिवस धरा. दहा वेळा अर्धं झालं, उरलं जवळपास एक ग्रॅम, आणि पाण्यात ०.४९ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या पाचपट. इनपुट पंचवीस टक्क्यांनी हललं आणि उत्तर साडेपाच पटींहून जास्त. आणि अर्धायुष्य ही काही पितळेच्या वजनासारखी ठरलेली गोष्ट नाही. तेच रसायन एका मातीत तीन आठवड्यांत निम्मं होतं, दुसऱ्या मातीत तीन महिन्यांत. मातीचा सामू, ओल, उष्णता, तिथल्या जीवाणूंची सवय, सगळंच त्यात हात घालतं. खोल गेलं की जीवाणू विरळ होतात. म्हणून युरोपीय हिशेबात पहिल्या ३० सेंटिमीटरमध्ये विघटनाचा वेग पूर्ण धरतात, ३० ते ६० मध्ये निम्मा, ६० ते १०० मध्ये ०.३ पट, आणि एक मीटरच्या खाली शून्य. गोळाबेरीज म्हणून हे ठीक आहे. पण पाच हजारांतला एक भाग या गोळाबेरजेवर टांगलेला आहे, हे विसरून चालत नाही.

इथे मॉडेलकार माणूसही मध्ये येतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बऱ्याच मॉडेलकारांना एकाच प्रयोगशाळेची तीच मोजमापं दिली होती आणि त्यांतून मॉडेलला लागणारे आकडे काढायला सांगितलं होतं. सगळे जाणकार. तरी प्रत्येकाचे आकडे वेगळे आले. कोणी बाजूला पडलेला बिंदू गाळला, कोणी ठेवला. कोणी सरळ रेष ओढली, कोणी वक्र. यात लबाडी कोणाचीच नव्हती. निर्णय घ्यावे लागतात आणि प्रत्येक निर्णय खाली पाझरतो.

याच काळात युरोपात 'फोकस' या गटाने शिस्त आणली. त्यांनी नऊ ठिकाणं ठरवली: शातोदँ, हँबुर्ग, योकिओइनेन, क्रेम्समुन्स्टर, ओकहॅम्प्टन, पियाचेंझा, पोर्तो, सेविया आणि थिवा. प्रत्येकाची माती, हवामान, पिकं ठरलेली. पर्ल, पेल्मो, पीआरझेडएम ही मॉडेलं सगळीकडे चालवायची. सहा वर्षं माती 'तापवायला', म्हणजे मॉडेल स्थिरावायला, आणि पुढची वीस वर्षं हिशेबाला. त्या वीस वर्षांतलं सरासरी वर्ष घ्यायचं नाही, ऐंशीव्या शतमानातलं, म्हणजे बऱ्यापैकी वाईट वर्ष घ्यायचं. मातीही अशीच बऱ्यापैकी पाझरणारी निवडलेली. दोन्ही मिळून नव्वद टक्के परिस्थिती आपल्या अंदाजापेक्षा सौम्य असेल असा मनसुबा. नियमाच्या कारभारात इतकं पारदर्शक काम क्वचित दिसतं, आणि मी ते मनापासून मानतो. कोणताही विद्यार्थी ही मॉडेलं उतरवून घेऊन तेच उत्तर स्वतः काढू शकतो.

पण या नऊ जागांची एक गंमत आहे. नऊपैकी एका ठिकाणी जरी आकडा मर्यादेच्या आत आला, तरी युरोपच्या पातळीवर रसायनाचा रस्ता बंद होत नाही; एखाद्या मोठ्या प्रदेशात तरी ते सुरक्षित वापरता येईल असं मानून पुढचा बारकावा प्रत्येक देशावर सोडतात. दुसरी गोष्ट याहून मोलाची. मातीतल्या मोठ्या छिद्रांतून सुसाट उतरणारं पाणी धरणारं मॅक्रो नावाचं मॉडेल यातल्या फक्त एका जागेसाठी, शातोदँसाठी, मांडलं गेलं. उरलेल्या आठ जागांत माती स्पंजासारखी वागते असं गृहीत आहे.

हा स्पंज कुठून आला? १८५६ मध्ये आँरी दार्सी यांनी फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरचा ग्रंथ छापला. उभ्या नळीत वाळू भरून तिच्यातून पाणी सोडलं, आणि वेग हा दाबाच्या उताराच्या प्रमाणात असतो हे दाखवलं. १९३१ मध्ये लॉरेन्झो रिचर्ड्स यांनी हा नियम अर्धवट ओल्या मातीला लागू करणारं समीकरण दिलं. १९८० मध्ये फान गेनुख्टेन यांनी मातीचा ओलावा आणि तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद यांचं नातं अशा सूत्रात बसवलं की ते संगणकाला सहज पचावं. आजची बहुतेक मॉडेलं या खांद्यांवर उभी आहेत. पाणी वरून येतं, थराथराने खाली सरकतं, रसायन वाटेत मातीला धरत सोडत त्याच्या मागून रेंगाळतं. चित्र सुरेख आहे. अडचण एवढीच की खऱ्या मातीत गांडुळांची बिळं असतात, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या असतात, आणि चिकण माती वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

हे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे १८७० मध्ये जमिनीखाली झिरपणारं पाणी मोजायची साधनं बसवली होती. १८८२ साली लॉज, गिल्बर्ट आणि वॉरिंग्टन यांनी त्या पाण्याबद्दल लिहिलं तेव्हा त्यांनी दोन प्रकार वेगळे केले: मोकळ्या वाटांनी थेट खाली धावणारं, आणि मातीच्या कणाकणांतून सावकाश उतरणारं. रिचर्ड्स यांच्या समीकरणाच्या जवळपास पन्नास वर्षं आधी! पण धावत्या पाण्याला सुबक समीकरण नव्हतं आणि रेंगाळत्या पाण्याला पुढे मिळालं. मग पाठ्यपुस्तकांत रेंगाळणारं पाणीच राहिलं. बेव्हन आणि गेरमान यांनी या मोठ्या छिद्रांचा विषय पुन्हा ठामपणे ऐरणीवर आणला तो १९८२ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी.

धावत्या पाण्यामुळे प्रश्नच पालटतो. फवारणी झाली, दोन दिवसांनी धो धो पाऊस झाला, पाणी भेगांतून थेट दीड मीटर खाली गेलं. या प्रवासात रसायनाला चिकटायला माती नाही आणि कुजायला वेळ नाही. अर्धायुष्य वीस दिवस असो की दोनशे, तिथे फरक पडत नाही. फरक पडतो तो फवारणी आणि पहिल्या मोठ्या सरीमध्ये किती दिवस गेले याने, आणि ती सर तासभर कोसळली की दिवसभर रिमझिमली याने. दिवसाचा पाऊस एकच आकडा म्हणून घेणाऱ्या मॉडेलला हा दुसरा फरक दिसतच नाही.

त्यामुळे मातीबद्दलचा आपला नेहमीचा आडाखाही उलटा पडतो. वाळूसर जमीन पाझरते म्हणून धोक्याची, चिकण जमीन पाणी धरते म्हणून निर्धास्त, असं सगळेच समजतात. डेन्मार्कच्या संसदेने १९९८ मध्ये एक निरीक्षण-योजना सुरू केली. परवानगी मिळालेली रसायनं खऱ्या रानांत, नियमानुसार मात्रेने वापरायची आणि जमिनीखालचं पाणी वर्षानुवर्षं तपासत राहायचं. काही रानं वाळूची निवडली, काही हिमनदीने आणून टाकलेल्या चिकण मातीची. ग्लायफोसेट हे तणनाशक मातीला इतकं घट्ट धरतं की पाझरण्याच्या कुठल्याही ठोकताळ्यात ते 'न पाझरणारं' ठरतं. गुस्टाफसन यांनी १९८९ मध्ये दिलेला निर्देशांक घ्या: अर्धायुष्याचा लॉगॅरिदम गुणिले, चारातून वजा केलेला चिकटण्याच्या गुणांकाचा लॉगॅरिदम. उत्तर २.८ च्या वर गेलं तर रसायन पाझरणारं, १.८ च्या खाली राहिलं तर न पाझरणारं. अर्धायुष्य ६० दिवस आणि गुणांक १०० धरला तर ॲट्राझीन या तणनाशकाचा निर्देशांक साडेतीनच्या वर जातो, आणि ते जगभर भूजलात सापडतंच. ग्लायफोसेट या फूटपट्टीवर तळाशी आहे. वाळूच्या रानांत ते खाली उतरलंही नाही. उतरलं ते चिकण मातीच्या रानांत, आणि एक मीटर खोलीवरच्या निचऱ्याच्या नळ्यांतून येणाऱ्या पाण्यात ०.१ पेक्षा जास्त प्रमाणात सापडलं.

इथे थोडं थांबून प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्या नळ्यांखालच्या भूजलात ग्लायफोसेट फारच कमी वेळा मर्यादेपलीकडे गेलं. म्हणजे आकाश कोसळलं नव्हतं. पण फूटपट्टी ज्या मातीला निर्धास्त म्हणत होती तिथेच रसायन निसटलं, आणि हे कळलं ते कोणीतरी 'हो' मिळाल्यावरही पाणी मोजत बसलं म्हणून.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. परवानगीची चाचणी पायऱ्यापायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीवर साधं मॉडेल, सोपे आकडे, आणि मुद्दाम थोडं कडक. तिथे रसायन पास झालं तर संपलं. पुढच्या पायऱ्या चढायची गरज नाही. नापास झालं तर अर्जदाराला वाव मिळतो: आणखी माती तपासा, आणखी बारीक मॉडेल वापरा, रानात प्रयोग करा, मोठ्या हौदात माती भरून तिच्यातून झिरपणारं पाणी मोजा. या पद्धतीमागचा विचार पटण्यासारखा आहे. कडक चाचणीत जो पास झाला त्याच्यावर वेळ का घालवायचा?

पण कडक कशाबाबत? चाचणी कडक असते ती तिच्यात असलेल्या गोष्टींबाबत. तिच्यात नसलेल्या गोष्टीबाबत ती कडकही नसते आणि सैलही नसते, ती आंधळी असते. वाईट वर्ष घेतलं, पाझरणारी माती घेतली, सगळं कडक केलं. पण भेगेतून जाणारा रस्ताच नकाशावर नसेल तर कडकपणा कशाला लावणार?

आणि सुधारणांची दिशा पाहा. काही रसायनं मातीत जितका काळ राहतात तितकी जास्त घट्ट धरतात. हा परिणाम मॉडेलमध्ये घेतला की पाझर कमी दिसतो. तो खरा आहे आणि वरच्या पायऱ्यांवर तो मांडला जातो, कारण नापास झालेल्या अर्जदाराला तो हवा असतो. गांडुळांची बिळं आणि भेगाही तितक्याच खऱ्या आहेत. त्या मॉडेलमध्ये घेतल्या की पाझर बहुधा वाढतो. पास झालेल्या अर्जदाराने त्या स्वतःहून का मांडाव्यात? मी त्याच्या जागी असतो तर मीही मांडल्या नसत्या. कोणाच्याही नियतीत खोट नसताना ही रचना आकडे एकाच दिशेला सरकवते. आकडा खाली आणणारं विज्ञान दरवर्षी प्रौढ होत जातं, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. आकडा वर नेणारं विज्ञान विद्यापीठांच्या नियतकालिकांत पडून राहतं.

म्हणून मॉडेलच्या नकारावर माझा जास्त भरवसा आहे. भेगा नाहीत, अनोळखी वंशज नाहीत, सगळं सुरळीत आहे असं धरूनही ज्याचा आकडा मर्यादेबाहेर जातो, त्याबद्दल काळजी करायला भक्कम कारण असतं. आणि नकार चुकीचा असला तर तो दुरुस्त करायला पैसा आणि उत्साह असलेला माणूस समोर बसलेलाच असतो. चुकीच्या होकाराला असा वाली नाही.

वंशज म्हणजे काय ते सांगायचं राहिलं. रसायन 'नष्ट झालं' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते दुसरं काहीतरी झालेलं असतं. मूळ रेणू तुटतो आणि त्याचे तुकडे पुष्कळदा आकाराने लहान, पाण्यात जास्त विरघळणारे, मातीला कमी धरणारे असतात. म्हणजे पाझरण्यात बापापेक्षा सवाई. डायक्लोबेनिल हे तणनाशक डेन्मार्कमध्ये मुख्यतः अंगणं, पायवाटा, खडीच्या जागा तणमुक्त ठेवायला वापरत. १९९७ मध्ये त्यावर बंदी आली. त्याचा 'बॅम' नावाचा वंशज तिथल्या भूजलात कित्येक वर्षं सर्वांत जास्त वेळा सापडणारा पदार्थ होता आणि त्याच्यापायी पाणीपुरवठ्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. ही फवारणी शेतात नव्हतीच. पिकांच्या नऊ जागांत खडीचं अंगण कुठे आहे?

याहून विचित्र गोष्ट टॉलिलफ्लुआनिड या बुरशीनाशकाची. मातीत त्याचा एक वंशज तयार होतो, डायमिथाइलसल्फामाइड. तो सहज पाझरतो, पण त्याचा स्वतःचा उपद्रव फारसा मानला गेला नव्हता. मग जर्मनीत असं दिसलं की पाणी शुद्ध करायला ओझोन वापरला की याच निरुपद्रवी पदार्थापासून एनडीएमए तयार होतो, आणि तो कर्करोगाचा धोका असलेला पदार्थ आहे. पाणी स्वच्छ करणाऱ्या यंत्रानेच विष शिजवलं. मातीचं कुठलंही मॉडेल हे सांगू शकलं नसतं, कारण गोष्ट मातीत घडतच नाही. मॉडेलला दोष देण्यात अर्थ नाही. पण 'मॉडेल पास म्हणजे पाणी सुरक्षित' हे वाक्य किती लांबची उडी मारतं ते इथे दिसतं.

माझ्या या सगळ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप येतो. ०.१ ही मर्यादा आरोग्याच्या अभ्यासातून आलेली नाही. १९८० मध्ये ती 'जवळपास शून्य' या अर्थाने घातली गेली. त्या काळी जेवढं मोजता येत होतं साधारण तेवढी. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या ॲट्राझीनची मर्यादा लिटरला ३ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे युरोपच्या तीसपट. मग पाच हजारांतल्या एका भागावरून एवढा ऊहापोह कशाला? विषारीपणाच्या दृष्टीने पाहिलं तर बऱ्याच रसायनांबाबत हा आक्षेप बरोबर आहे, आणि ०.१२ दिसलं की 'पाण्यात विष' अशी हाळी देणाऱ्यांनी तो ऐकायला हवा. पण भूजलाचा स्वभाव लक्षात घ्या. नदीत सांडलेलं आठवड्यात वाहून जातं. भूजलात उतरलेलं तिथे मुक्काम करतं. थंड, अंधारं, जीवाणू विरळ. जर्मनीने ॲट्राझीनवर १९९१ मध्ये बंदी घातली आणि युरोपीय संघाने २००४ मध्ये परवानगी नाकारली. तरी ते आणि त्याचा वंशज डिसएथिल-ॲट्राझीन बंदीनंतर दशकं उलटली तरी जर्मनीच्या विहिरींत सापडत राहिले. ज्या चुकीची दुरुस्ती आपल्या हयातीत होत नाही तिथे मर्यादा आरोग्याच्या काठावर आखून चालत नाही, आधीच आखावी लागते. आणि एकदा ती आखली की तिचा हिशेब नीट ठेवायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक रसायन वर्षानुवर्षं मोजत बसायचं तर पैसे कोण देणार? इथे मला मॉडेलचीच मदत घ्यावीशी वाटते. मॉडेल एक मीटर खोलीवरचा आकडा सांगतं. मग तपासणीही त्याच खोलीवर करा. पन्नास मीटर खोल विहिरीत उत्तर यायला तीस वर्षं लागतील. निचऱ्याच्या नळीत किंवा मातीत पुरलेल्या सच्छिद्र चिनीमातीच्या कपात ते एकदोन हंगामांत येतं. कुठे पुरायचं हेही मॉडेल सांगू शकतं. नेदरलँड्समध्ये जिओपर्ल नावाचं मॉडेल एका जागेऐवजी साऱ्या देशाच्या नकाशावर चालवतात आणि कुठे पाझर जास्त असेल ते पाहतात. अशा नकाशावरून मोजणीच्या पंधरा-वीस जागा निवडता येतील, पण त्यांत भेगाळ चिकण मातीची रानं मुद्दाम घातली पाहिजेत, नकाशा त्यांना हिरवा रंग देत असला तरी. किंबहुना देत असेल म्हणूनच.

पैसे अर्जदाराने द्यावेत. ज्याने मॉडेलचा आकडा पुढे करून परवानगी मागितली त्याने तो आकडा रानात दाखवून देण्याचा खर्चही उचलावा. पण नमुने घेणारा माणूस त्याच्या पगारावर नसावा, ती रक्कम तिसऱ्या हातातून जावी. आणि परवान्याच्या कागदावर मॉडेलचं भाकीत छापलेलं असावं: या मातीत, या मात्रेने, एक मीटर खोलीवर अमुक मायक्रोग्रॅम. पाच वर्षांनी मोजलेला आकडा त्याच्या शेजारी लिहावा. तो भाकिताच्या दहापट निघाला तर कोणाला अपाय झाला हे सिद्ध करण्याची वाट न पाहता परवानगी आपोआप थांबावी, आणि पुढचा पुरावा अर्जदाराने द्यावा. आज भाकीत फाइलीत जातं आणि तिथेच राहतं. भाकीत करणाऱ्याला ते चुकल्याचं कधी कळतच नसेल तर मॉडेल तरी सुधारणार कसं? हवामानाचा अंदाज इतका सुधारला त्याचं एक कारण असं की तो दररोज चुकतो आणि दररोज सगळ्यांना दिसतो.

आणखी एक काम फार कमी पैशात होण्यासारखं आहे. पाण्याचे नमुने आता अतिसूक्ष्म वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रातून जातात. आपण पंधरा-वीस पदार्थ शोधत असलो तरी यंत्र त्या पाण्यातल्या हजारो रेणूंच्या खुणा नोंदवून ठेवतं. बाकीच्या खुणांकडे कोणी पाहत नाही, कारण त्या वेळी त्यांची नावं कोणाला माहीत नसतात. क्लोरोथॅलोनिल हे बुरशीनाशक अनेक दशकं वापरात होतं. युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्याची परवानगी पुढे चालू ठेवली नाही आणि स्वित्झर्लंडने २०२० पासून बंदी घातली. त्याचा आर४७१८११ नावाचा वंशज स्विस भूजलात मोठ्या प्रमाणावर आहे हे अशाच यंत्रांनी शोधल्यावर कळलं. त्याआधी तो पाण्यात होता, फक्त यादीत नव्हता. या यंत्रांच्या मूळ नोंदी जपून ठेवायला एका फळीवरच्या चार डिस्क पुरतात. पुढे एखाद्या नव्या वंशजाचं नाव कळलं की दहा वर्षांपूर्वीच्या पाण्यात त्याची खूण त्याच दिवशी शोधता येते, आणि तो खाली उतरायला नेमका केव्हा लागला हेही सांगता येतं. पण त्या नोंदी अहवाल पाठवून झाला की पुसल्या जात असतील, तर ते पाणी पुन्हा कुठून आणणार?